डाव्या टाकीचा काटा

मखमलाबादच्या संतोष पिंगळ्यांची दीपमाला विमान चालवायला शिकते, हे गणेशवाडीच्या फूलबाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवंतीच्या जुड्या बांधता बांधता तिची आई उज्वला गिऱ्हाइकांना ते सांगायचीच. दीपमालाला संकोच वाटायचा, पण आईला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी दीपमाला शिक्षकांबरोबर लांबच्या सरावाला निघाली. शेखर देवरे सर म्हणजे उड्डाणशाळेतलं मोठं नाव. चार हजार तासांचा अनुभव, शिकवणं चोख, पण जीभ तिखट. विमान छोटंसंच होतं. दोन्ही पंखांत एकेक इंधनाची टाकी आणि दीपमालाच्या डाव्या गुडघ्याजवळ एक खटका. तो डावीकडे फिरवला की डावी टाकी चालू, उजवीकडे फिरवला की उजवी, पार खाली नेला की दोन्ही बंद. अर्ध्या अर्ध्या तासाने टाकी बदलायची, हा पहिल्या दिवसाचा धडा.

पहिला अर्धा तास होताच दीपमालाने खटक्याला हात घातला. सर कडाडले, "मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही! विमानाचा कप्तान कोण, तू की मी?"

तिने हात मागे घेतला. पुढे सर रेडिओवर बोलत राहिले, नकाशा दाखवत राहिले. टाकी बदलायचं त्यांच्या ध्यानातूनच गेलं. परतीच्या वाटेवर डाव्या टाकीचा काटा शून्याला टेकायला आलेला तिला दिसला. सरांना दिसत असेलच, असं तिने स्वतःला समजावलं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

दिंडोरीच्या अलीकडे इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडलं.

सरांनी विमान हातात घेतलं. एकामागून एक बटणं तपासली, पण खटक्याकडे त्यांची नजर गेली नाही. खाली नजर पोचेल तिथवर द्राक्षबागा. जमीन झपाट्याने जवळ येऊ लागली, तेव्हा कुठे दीपमालाच्या तोंडून फुटलं, "सर, टाकी!"

तिने खटका उजवीकडे फिरवला. इंजिन एकदा खोकलं. तेवढ्यात विमान द्राक्षाच्या मांडवात घुसलं.

शुद्ध आली तेव्हा ती मांडवाच्या तारांच्या जाळ्यात होती. लोखंडी अँगल वाकून विमानाच्या उजव्या अंगाला टेकले होते. या विमानाला दार एकच, तेही उजवीकडे, सरांच्या पलीकडे. सर मान टाकून बसले होते, पाय खाली चेपला होता. पेट्रोलचा उग्र वास नाकात गेला. शिकवल्याप्रमाणे तिने वीज बंद केली आणि टाकीचा खटका 'बंद'वर आणला.

बागेचा मालक कोंडाजी धावत आला. पाठोपाठ माणसं जमली. "तारा लय ताणलेल्या हायेत, ग्राइंडर आणा!" कुणीतरी ओरडलं.

"ग्राइंडर नको!" दीपमाला किंचाळली. "ठिणगी पडली तर सगळं पेटेल!"

कोंडाजीने पक्कड घेतली. तो एकेक तार तोडायचा, तोडलेली तार चाबकासारखी उडायची आणि विमान थोडं आणखी कलायचं. "पोरी, हलू नको. आम्ही हाय हितं," तो दर तारेला सांगायचा. पाऊण तास असा गेला. मध्येच सरांना शुद्ध आली.

"इंजिन का बंद पडलं गं?"

ती म्हणाली, "माहीत नाही, सर."

दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचा फोटो आला. शिक्षकाने प्रसंगावधान राखून शिकाऊ मुलीचा जीव वाचवला, अशी बातमी होती. सरांच्या पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. त्यांची बायको मंजुषा दीपमालाला भेटायला आली, कुशीत घेऊन रडली.

चौकशी सुरू झाली. दीपमालाने इंजिन अचानक बंद पडलं, एवढंच सांगितलं. विमानात खटका 'बंद'वर सापडला, कारण तिनेच तो बंद केला होता. दोन्ही टाक्या फुटून रिकाम्या झालेल्या, त्यामुळे खरं काय झालं त्याचा दुसरा कुठलाही माग उरला नव्हता. संशय गेला राजवर. त्या सकाळी विमान तपासून सही करणारा मेकॅनिक तो. शाळेने त्याला घरी बसवलं.

"तू काही खोटं बोलली नाहीस ना? मग गप्प राहा," उज्वला म्हणाली. "ज्यांनी वाचवलं त्यांच्यावरच बोट ठेवणार का?"

दीपमालाचं जेवणावरचं मन उडालं. सरांचं नाव घ्यावं तर कृतघ्नपणा आणि न घ्यावं तर राजच्या गळ्याला फास. स्वतःची चूकही त्यातच गुंतलेली. पाच आठवडे ती घर आणि शेवंतीचा वाफा एवढ्यातच फिरत राहिली.

शेवटी ती सरांच्या घरी गेली. ते खाटेवर होते, पायाला सळ्या लावलेल्या.

"सर, टाकी बदललीच नव्हती. काटा मला दिसत होता."

सरांनी उशीवरून मान उचलली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सकाळी म्हणालात, हात लावू नको."

"हात लावू नको म्हणालो होतो. बोलू नको म्हणालो नव्हतो." मग आवाज खाली आला. "पण ऐकलं असतं का मी, देव जाणे. जा, सांग त्यांना." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मंजुषाने दीपमालासाठी आणलेला चहाचा कप तसाच आत नेला.

दीपमालाने चौकशीत सगळं सांगितलं. अहवालात दोघांची चूक लिहिली गेली: शिक्षकाने टाकी बदलली नाही, शिकाऊ मुलीने दिसत असून सांगितलं नाही. राज कामावर परतला. सरांचं शिकवणं सुटलं. दीपमालाचं उड्डाण थांबलं, ते अजून थांबलेलंच आहे.

एका रविवारी राज मखमलाबादला आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला. आभार मानायला आला असेल, असं उज्वलाला वाटलं.

"पाच आठवडे लावलेस," तो दीपमालाला म्हणाला. "माझ्या बापाने त्या पाच आठवड्यांत गावात तोंड दाखवलं नाही."

"हो," ती म्हणाली. तो गेल्यावर त्याचा पाण्याचा रिकामा पेला तिने उचलून आत नेला.