रुखवतातली चिमणी

मुलगी ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेला गेली होती. परतताना तिने चॉकलेटांबरोबर पिशवीभर बिया आणल्या. तिकडच्या एका इक्वेडोरच्या मैत्रिणीने दिलेल्या, ताग्वा नावाच्या ताडाच्या. दिसायला थोराड सुपारी, आतून हस्तिदंतासारखी पांढरी. तिकडे त्यांचे पक्षी कोरतात म्हणे. "आई, तुला उद्योग," असे म्हणून तिने पिशवी माझ्या हवाली केली.

त्याच सुमारास तिचे लग्न ठरले, खराडीतल्या तिच्याच कंपनीतल्या एका मुलाशी. मी रुखवताचा विषय काढला तर म्हणाली, "कार्यालयाच्या पॅकेजमध्ये रेडीमेड मिळतं गं. मांडायचं, लग्न झालं की परत द्यायचं. कोण बघतं?" मला रागच आला. लेकीबरोबर माझ्या हातचे काहीच जाणार नाही, हे काही मला सहन होईना. बोहरी आळीतून कानस आणि पॉलिश पेपर आणला आणि एका बीची चिमणी कोरायला बाल्कनीत ठाण मांडले.

बी भलतीच हट्टी. सुपारी भिजवली की मऊ पडते, ही कशालाच दाद देईना. बोटांची सालटी निघाली. आमचे हे पेपर खाली न घेताच विचारायचे, "आज बटाटा की वांगं?" लेक म्हणायची, "आई, हिला डाएटवर ठेव." पण हळूहळू चोच निघाली, शेपटी निघाली. पाठीवरची तपकिरी साल मी तशीच ठेवली, तिचे पंख झाले. मला तर ती फार आवडली.

लग्नात पॅकेजच्या रुखवतात, विड्याच्या तबकाशेजारी, एका वाटीत मी तिला बसवले. तिथेच चुकले.

पंगत उठली आणि कडाक असा आवाज झाला. बघते तर नवऱ्यामुलाचे आजोबा रुखवतापाशी उभे. चष्मा जेवणाच्या टेबलावर राहिलेला, हातात स्वतःचा अडकित्ता आणि अडकित्त्यात माझी चिमणी. अडकित्त्याचा खिळा निखळून खाली पडला होता.

"अहो विहीणबाई," ते शांतपणे म्हणाले, "आपली सुपारी जरा जुनी निघाली."

हशा पिकला. मीही हसत चिमणी घ्यायला पुढे झाले. तेवढ्यात शालू सावरत नवरी स्टेजवरून धावत आली.

"आजोबा, द्या ती इकडे! माझ्या आईने केलीय ती!"

भर कार्यालयात, सगळ्या सासरच्यांसमोर. आजोबांनी चिमणी तिच्या हातावर ठेवली. तिने पदराने ती पुसली, उलटसुलट करून पाहिली. पंखाला बारीकशी खाच पडली होती, बाकी सगळे शाबूत. अडकित्ता मात्र कायमचा गेला.

रिसेप्शनच्या प्रत्येक फोटोत तिची उजवी मूठ मिटलेली आहे. फोटोग्राफर सारखा सांगत होता, "मॅडम, हात मोकळा सोडा." तिने काही सोडला नाही.