पुरी वाजलेली रिंग

माझं काम मोबाइल कंपनीत, सिग्नलिंगचं. तुम्ही नंबर लावता आणि समोरचा 'हॅलो' म्हणतो, तेवढ्या वेळात टॉवर आणि एक्स्चेंज एकमेकांशी जे बोलतात, ते बघायचं. हा फोन कुठल्या टॉवरखाली आहे, चालू आहे का, घंटी वाजवू का. माणसांनी तोंड उघडण्याआधी यंत्रांचं सगळं बोलून झालेलं असतं.

आमच्या लोणीच्या घरात तेवढ्यावरच भागायचं. वडील सकाळीच घरापासून लांब, उसातल्या मोटारीवर जात. लाइट आली, पाणी चालू झालं, की आईला मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे भाकरी घेऊन ये. उचलायचा नाही. बोलणं फुकट झालं तरी ही रीत मोडली नाही. रेंज मिळावी म्हणून आईचा फोन ओसरीच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला असायचा. तो वाजला की ती पाटी उचलायची.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टीला घरी होतो. फोन वाजला. "चला, भूक लागली ह्यांना," म्हणत आई निघालीसुद्धा. मी खाटेवर लोळत होतो. फोन वाजतच राहिला. कट करायला विसरले वाटतं, म्हणून मी कूस बदलली. रिंग थांबली तेव्हा मात्र ताडकन उठून बसलो. ती वडिलांनी तोडली नव्हती. कुणीच उचललं नाही की शेवटी एक्स्चेंजच कॉल तोडतं, तशी ती पुरी वाजून संपली होती. म्हणजे वडील तेवढा वेळ फोन कानाला लावून होते. त्यांना बोलायचं होतं.

उलट फोन लावला. बंद.

शेजारच्या वस्तीवरून बिबट्याने नुकतीच कालवड ओढून नेली होती. आणि आईच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस.

मी अनवाणीच पळालो. वाऱ्याने पाचट वाजलं तरी दचकून तिकडे बघत होतो. वळणावर आई दिसली, डोक्यावर पाटी, आपल्याच नादात. मी ओरडून हाक मारली. ती वैतागून वळली.

"काय रं? घर पेटलं का काय?"

मी तिचा दंड धरला. तेवढ्यात मोटारीच्या खोलीतून वडिलांची हाक आली, "मागं फिरा! हितंच उसात बसलाय त्यो!"

पुढचं गावाने केलं. ट्रॅक्टर आणले, फटाके वाजवले. बिबट्या निघून गेल्यावर वडील कडी काढून बाहेर आले. येताच माझ्यावर उखडले.

"एक रिंग म्हंजी ये. मी पुरी रिंग दिली, पार बॅटरी संपली. तरी येऊ कसं दिलं तू हिला?"

पुरी रिंग म्हणजे येऊ नको, असं आमच्यात कधीच ठरलेलं नव्हतं. पण दाराच्या फटीला डोळा लावून बसलेल्या त्या माणसाला वाटत होतं, आपण घरी कळवलंय, आता ती येणार नाही. आणि तरीही ती येताना दिसली.