रिकाम्या होडीची मोटार

तराफा तिसऱ्यांदा बंद पडला आणि माझं कलकत्त्याला जायचं ठरलं.

मी रांचीच्या पलीकडे एका धरणावर पंपांचं काम करतो. गाव सांगोल्याकडचं, म्हणजे लहानपणी पाणी पाहिलं ते विहिरीत वाकूनच. शिक्षणाचं विचारू नका. पाचवीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरी अजून वाद चालतो. एका जागी बूड टिकत नाही म्हणून फिरत फिरत इथवर आलो.

आमच्या जलाशयावर पोंटून आहे. तेलाची रिकामी पिंपं एकमेकांना बांधायची, वर फळ्या ठोकायच्या, मागं मोटार लावायची. साहेब पोंटून म्हणतात, आम्ही तराफा. पलीकडच्या काठावर धरणात घरं गेलेल्यांची वस्ती आहे, दवाखाना अलीकडे. रस्त्यानं वळसा घातला तर बैलगाडीला दोन दिवस लागतात.

पाण्याच्या मधोमध, खाली, त्यांचं जुनं गाव आहे. तराफा चालवणारा मंगरा त्याच गावचा. गावावर आला की तो दरवेळी मोटार हळू करायचा, पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा. तराफ्यावरची बाकीची माणसंही तसंच करायची. तीनदा मोटार बंद पडली ती तिन्ही वेळा तिथंच. तिसऱ्या वेळी वारा होता. तराफा धरणाच्या दारांकडे सरकायला लागला. पाण्यातून वर आलेला एका बुडालेल्या झाडाचा वाळका शेंडा हाती लागला म्हणून वाचलो. त्यानंतर कुणी बसेना. खालची माणसं धरून ठेवतात, म्हणाले.

मंगराची मुलगी फुलमनी पलीकडे, पोटुशी. तिचं पहिलं मूल वळशाच्या रस्त्यावर गाडीतच गेलं होतं. मी निघालो तेव्हा मंगरा एवढंच म्हणाला, "बाबू, ऐसा लाना जो बीच में छोड़े नहीं."

ठेकेदार म्हणाला, "मोटार चांगली ताकदीची आण."

रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी हावडा. तुम्ही जाणार असाल तर पुलावरच्या गर्दीत शिरू नका, स्टेशनसमोरूनच लाँच सुटते, थोड्या पैशात पलीकडे जाता. नदी पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हे पाणी कुठंतरी चाललंय. आमचं पाणी नुसतं बसून असतं. धुक्यातून भोंगे ऐकू येत होते, जहाजं दिसत नव्हती. शेजारचा माणूस पाण्याकडे पाठ करूनच उभा होता. त्याला म्हटलं, एवढी मोठी नदी, बघत नाही? तर म्हणाला, "रोज दोन वेळा तीच मला बघते, पुरे झालं."

उतरायची सोय डमडमला, बँकेतल्या कुलकर्णीकाकांकडे. आमच्या मामांची ओळख. काकूंनी गरमागरम पिठलं वाढलं, पण फोडणी मोहरीच्या तेलाची, नाकातून धूर निघाला. त्यांची मुलगी बेबी कलकत्त्यातच वाढलेली. तिनं विचारलं, "दादा, तू पाणी खाणार?"

"खाणार नाही गं, पिणार!" काकू ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "काय करू, इथं सगळे पाणी खातातच."

काकांनी मोटार म्हणजे गाडीची समजून गॅरेजचा पत्ता दिला होता. होडीची म्हटल्यावर विचारात पडले. मग बागबाजारला नोनीबाबू नावाचे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे जा म्हणाले.

बागबाजारपर्यंत ट्राम जाते. भिंती काळ्या घोषणांनी भरलेल्या, आणि काही ठिकाणी घोषणेवर चुना मारलेला, तरी अक्षरं आतून वर येतात. वाटेत कचोरी आणि बटाट्याची भाजी खाल्ली, पानाच्या द्रोणात देतात, पोट भरतं. कालवा नदीला मिळतो तिथं नोनीबाबूंची शेड. बाहेरूनच आवाज ऐकला आणि पाय थबकले.

आत पाण्यानं भरलेली पिंपं ओळीनं मांडलेली. प्रत्येक पिंपाच्या काठाला एक मोटार लटकवलेली, त्यातल्या चार-पाच चालू. पाणी घुसळून निघत होतं आणि काहीच कुठं जात नव्हतं. माणूस एकही दिसत नव्हता. धुराच्या आडून नोनीबाबू पुढं आले, धोतर, वर ऑइलनं काळा झालेला बनियन.

"कुठले?"

"महाराष्ट्र."

"अरे बाप रे, बर्गी!" त्यांनी हात जोडले. बर्गी म्हणजे पूर्वी बंगालवर चाल करून गेलेले आपले मराठे स्वार. "आमची आजी तुमचं नाव काढून आम्हाला झोपवायची. हा बाहेरचा कालवा आहे ना, तिथंच तुमच्यासाठी खंदक खणला होता. आणि तुम्ही आलाच नाहीत! शेवटी आलात, ते मोटार घ्यायला?"

"उशीर झाला खरा," मी म्हटलं. ते खूप हसले. पण हसताना त्यांनी चालू मोटारी एकेक करून बंद केल्या, आणि शेवटची बंद झाल्यावर जी शांतता झाली ती मला आवडली नाही.

तुम्हाला पोंटूनसाठी मोटार घ्यायची असेल तर एक सांगतो. फळीपासून पाण्यापर्यंतचं अंतर दोरीवर गाठ मारून बरोबर न्या. पोंटून पाण्यावर उंच बसतं. आखूड पायाची मोटार लावली तर पंखा पाण्याऐवजी हवा खातो. माझी दोरी लावून पाहिल्यावर दोनच मोटारी उरल्या. एक परदेशी, मोठी, बंदरातून आलेली, रंग अजून चकाकत होता. नोनीबाबूंनी दोरी ओढली तशी ती अशी गर्जली की पिंपातलं निम्मं पाणी माझ्या अंगावर. मी तिथंच प्रेमात पडलो.

दुसरी राखाडी, पोचे पडलेली, पंखा मात्र रुंद. ती कोपऱ्यात होती. तिच्या मुठीला कुणीतरी लाल दोरा बांधला होता.

"ही कशी?"

नोनीबाबूंनी हात बनियनला पुसले. "ही चांगली आहे. पण माझ्याकडे आहे तेव्हापासून कुणी नेत नाही." मग त्यांनी सांगितलं ते असं. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी पलीकडून होड्या भरभरून माणसं यायची. एका सकाळी दक्षिणेकडच्या एका खाडीत होडी आली, सरळ, घाईघाई न करता. मोटार अगदी हळू चालू होती. घाटाला येऊन टेकली तरी चालूच. होडीत भांडी होती, अंथरूण होतं, एक कंदील होता. माणूस नव्हतं.

"मग?"

"मग काय? बंद करायला कुणी पुढं होईना. पेट्रोल संपलं तेव्हा आपोआप बंद झाली."

मी मोठीवर हात ठेवला. आधीच आमच्या तराफ्यावर कुणी बसायला तयार नाही, त्यात असली मोटार कोण नेईल?

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठीची चाचणी, नदीत. नोनीबाबूंची एक सपाट होडी आहे, तिच्यावर कासेमभाई नावाचे माझी, म्हणजे नावाडी. पांढरी दाढी, तोंडात विडी. मोटार काय पळत होती! घाट मागं पडत गेले, न्हाणाऱ्या बाया साड्या सावरत आम्हाला शिव्या घालत होत्या. मी मनात फुलमनीला तराफ्यावर बसवून पलीकडून अलीकडे आणलंसुद्धा.

मग नदी थांबली.

दुसरा शब्द नाही. वाहतं पाणी ताटासारखं सपाट झालं. कावळे गप्प. घाटावरची माणसं काही न बोलता पायऱ्या चढून वर जायला लागली, कपडे तिथंच टाकून. आणि काठाला बांधलेल्या सगळ्या होड्या दोर सोडून एकामागून एक नदीच्या मध्यभागी निघाल्या. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

आमच्या जलाशयावर काहीही बिनसलं की काठ गाठायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. मी मूठ वळवली आणि होडी काठाकडे घातली.

"पागल नाकि!" कासेमभाईंनी माझा हात धरून मूठ उलटी फिरवली. "बान आश्छे! काठावर आपटून मारशील. मध्ये चल, तोंड त्याच्याकडे कर आणि हळू. एकदम हळू. वाट बघायची."

अमावस्येचं भरतीचं पाणी समुद्रातून भिंतीसारखं उलटं चढून येतं, त्याला बान म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की दूर वळणावर नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक पांढरी रेघ उमटली आहे आणि ती जवळ येते आहे. आवाज नंतर आला, खूप माणसं एकाच वेळी कुजबुजल्यासारखा. आजूबाजूला सगळ्या होड्या रेघेकडे तोंड करून उभ्या.

मी मोटार हळू केली. ती दोनदा खोकली आणि बंद पडली.

दोरी ओढली. परत ओढली. पेट्रोलचा वास सुटला, बाकी काही नाही. होडी आडवी व्हायला लागली. "राहू दे," कासेमभाई म्हणाले आणि विडी थुंकून दोन्ही हातांनी वल्ह्यावर पडले. तोंड जेमतेम वळलं आणि पाण्यानं आम्हाला उचललं. क्षणभर घाटाच्या पायऱ्या खाली दिसल्या, ओळीनं उभी माणसं, सगळी आमच्याकडे बघणारी. मग खाली आपटलो. भिजलो, पण उलटलो नाही.

नदी आता उलटी वाहत होती. कासेमभाई दाढी पिळत म्हणाले, "मोठ्या आवाजाची बाई आहे ही. पळायला सांग, पळेल. थांबायला सांगितलं की जीव सोडते."

मी हातातल्या दोरीकडे बघत बसलो. तीनदा. तिन्ही वेळा गावावर. मंगरा नमस्कारासाठी मोटार हळू करायचा आणि आमच्या त्या जुन्या मोटारीचा प्लग हळू चालताना तेलकट होऊन विझायचा. खालच्या माणसांनी धरलं नव्हतं. वरच्यांनी मान दिला होता. आणि ताकदीची मोटार नेली असती तर तीही तिथंच, फुलमनीला घेऊन, विझली असती. मंगराला हळू करू नको म्हणणं तर शक्यच नव्हतं. ते त्याचं घर आहे.

शेडमध्ये परत गेलो, राखाडी मोटार पिंपाला लावायला सांगितली आणि मूठ अगदी कमी केली. ती डुग... डुग... करत राहिली. मी बाहेर जाऊन चहा प्यालो, आलो. डुग... डुग. पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.

"नक्की?" नोनीबाबूंनी विचारलं. "लाल दोरा सोडू का?"

"असू द्या."

गाडीत मोटारीचं वेगळं लगेज करावं लागतं, तरी मी ती सामानाच्या डब्यात न देता पायाशी ठेवली. समोरची बाई रात्रभर पाय वर घेऊन बसली होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मंगराला मात्र सांगितलं, सगळं. त्यानं मोटारीवर हात फिरवला आणि त्यांच्या हिंदीत म्हणाला, "माणसं नसताना हिनं होडी पोचवली. मग माणसं असताना का नाही पोचवणार?"

फुलमनीच्या कळा ठरल्यापेक्षा लवकर सुरू झाल्या. दिवसाउजेडी, वारा नसताना. तिची सासू, मंगरा, मी, आणि फळ्यांवर गोधडीत ती. मध्यावर आलो तसा मंगराचा हात मुठीवर गेला. मी म्हणालो, "मंगरा, आज राहू दे का?" फुलमनीच म्हणाली, दात आवळून, "धीरे, बाबा."

डुग... डुग... मंगरानं पाण्याला हात लावला. सासू वाकून खाली बघत घरांची नावं घ्यायला लागली, हे अमक्याचं अंगण, ही विहीर. मोटार विझली नाही. पण मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. आमच्या डुगच्या मागून, अर्ध्या श्वासानं, खालून एक डुग.

मंगरानं माझ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं मोटारीच्या आरड्याओरड्यात ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला, आणि मूठ वाढवली.

संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, आवाज तळाला आपटून परत येतो, त्यात काय. असेल. मी नंतर जलाशयभर फिरलो, उथळात, खोलात, खडकावर, मोटार तितकीच हळू करून कान लावला. कुठंच काही नाही.

लोक आता तराफ्यावर बसतात. मंगरा नातीपाशी असला की मी चालवतो. तीन ठिकाणी बिऱ्हाड मोडलेला माणूस मी, इथून मात्र अजून निघालेलो नाही. गावावर आलो की सगळे गप्प होतात. मी मूठ कमी करतो, पाण्याला हात लावतो, आणि खालून उत्तर आल्याशिवाय पुढं जात नाही.