पट्टा सुटला

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला कदाचित सांगितली असती, पण तो त्याआधीच गेला. बहीण आहे, शेजारणी आहेत, सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्या आम्ही चौघी आहोत. सगळं बोलतो आम्ही — गुडघे, सुना, कुणाचं कुणाशी पटत नाही ते. हे नाही बोलले. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण — दमले मी. लपवायलाही ताकद लागते हो. ती आता उरली नाही.

कुठून सुरू करू? विमानापासून करायला हवं. पण त्याच्या आधी प्रशांत.

प्रशांत माझा जावई. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेला. वडील सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. बौद्ध कुटुंब. आम्ही भोईवाड्यातले, मूळ मालवणकडचे, मराठे. माझी एकुलती एक मुलगी मृणाल आणि तो एकाच कॉलेजात शिकले. लग्नाला मी नाही म्हटलं नाही — हे मी वर्षानुवर्षं चारचौघांत अभिमानाने सांगत आले. हो म्हणायला मला वर्ष लागलं, ते नाही सांगत. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्याच्या आईने सकाळपासून खपून जेवण केलं होतं. मी म्हटलं, आज माझा उपवास आहे. उपवास नव्हता. त्या बाईने आत जाऊन एक केळं आणलं आणि बशीत ठेवून माझ्यापुढे केलं.

प्रशांतला मी पहिल्यापासून 'तुम्ही' म्हणते. हल्लीच्या सासवा जावयाला सरळ नावाने, अरे-तुरे करतात. माझ्याने झालं नाही. त्याला वाटतं, आई मान देतात. मान होता का तो? — मला माहीत आहे काय होतं ते.

तर, विमान.

दोघं जर्मनीला असतात. माझी नात ईरा आठ महिन्यांची झाली तेव्हा तिला दाखवायला दीड महिना मुंबईला आले होते. येताना तिची कारसीट घेऊन आले — गाडीत बाळाला बसवायची असते ना, गादी लावलेली, पट्ट्यांची, ती. नुसती सामानात टाकून नव्हे. विमानात ईरासाठी वेगळी जागा घ्यायची, त्या जागेवर ही खुर्ची विमानाच्या पट्ट्याने बांधायची, आणि खुर्चीत ईराला तिच्या पट्ट्यांनी. हा सगळा खटाटोप प्रशांतचा. मला हसू आलं. हसू म्हणजे — रागच आला. तान्ह्या पोरीला वेगळी सीट? मृणालला मी मांडीवर घेऊन एसटीने मालवणला नेलंय, रात्रभर, घाटातून. बाळ बघायला आलेल्या बायकांसमोर मी म्हटलं, "मग आजीची मांडी काय शोभेला आहे?" सगळ्या हसल्या. प्रशांतही हसला. नंतर स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "आई, विमान एकदम खाली आलं ना, की बाळ हातात राहत नाही. कितीही घट्ट धरलं तरी. म्हणून फक्त."

बघा. त्याने मला सांगितलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, इतक्या सोप्या शब्दांत.

परत जाताना ते मला सोबत घेऊन निघाले. मृणालची रजा संपत होती, तीन महिने ईराला मी सांभाळायचं ठरलं होतं. विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ही खुर्ची आत नेता येईल की नाही बघावं लागेल. प्रशांतने खुर्ची उलटी करून मागचं लेबल दाखवलं, विमानात चालते असं लिहिलेलं. तिघांना दाखवलं, तिन्ही वेळा त्याच आवाजात. विमानात खिडकीच्या जागेवर गुडघा टेकून त्याने ती बांधली. ओढून बघितली, हलवून बघितली. मागे लोक खोळंबले होते आणि मला लाज वाटत होती. कशाची लाज? नातीला जपतोय त्याची?

खिडकीशी ईरा, मध्ये मी, कडेला प्रशांत. मृणाल दोन ओळी मागे. आठवडाभर पोरीने तिला झोपू दिलं नव्हतं, म्हणून प्रशांतनेच तिला म्हटलं, तू मागे जाऊन झोप. दिवसाचं विमान होतं. जेवणं झाली. विमान मधूनमधून हलत होतं. प्रशांत बाथरूमला उठला. उठण्याआधी त्याने ईराचं बकल लावलेलं पुन्हा दाबून पाहिलं आणि मला म्हणाला, "आई, दोन मिनिटांत आलो. कुरकुरली तरी काढू नका हं तिला."

काढू नका हं.

चाळीस वर्षं वर्गात पोरं सांभाळली मी. एक मूल वाढवलं. आणि हा मला सांगतो, काढू नका? — आणि 'हा' म्हणताना माझ्या मनात नुसता जावई नव्हता. ते उपवासाचं केळंही त्यात होतं. हे मी आज सांगू शकते. त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

ईरा कुरकुरली. फार नाही. बोट पकडायला दिलं असतं, खुळखुळा वाजवला असता, तरी गप्प झाली असती. मी ते लाल बटण दाबलं. कडक होतं, दोन्ही अंगठे लावावे लागले. तिला उचललं, खांद्यावर घेतलं. दोन मिनिटांत तिचा श्वास माझ्या मानेवर संथ झाला. मी समाधानाने बसून होते. त्याला येऊ दे, बघू दे, असं वाटत होतं. तेवढ्यात पट्ट्याचा दिवा लागला. घोषणा झाली. मला इंग्रजी कळतं — सगळ्यांनी बसा, पट्टे बांधा. विमानातल्या मुलीसुद्धा चहाच्या गाड्या सोडून आपापल्या जागी बसल्या. मला कळलं होतं. पण नुकती झोपलेली पोर, पुन्हा खुर्चीत ठेवायची म्हणजे उठणार, रडणार. म्हटलं, जाऊ दे. असंच धरते.

मग विमान खाली गेलं.

कसं सांगू? पायाखालची जमीन कुणी ओढून घ्यावी तसं. पट्ट्याने मला धरून ठेवलं. तिला कुणी धरलं? माझे हात होते ना — घट्ट होते, देवाशपथ घट्ट होते — आणि तरी ती माझ्या हातांतून वर गेली. वर. आणि मग पुढच्या सीटच्या पाठीवर आणि सीटच्या कडेच्या दांड्यावर आपटून खाली, माझ्या पायांशी. चहा, ताटं, किंकाळ्या. कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिला उचललं तेव्हा ती रडत नव्हती. ते तीन-चार श्वास. मग रडली. डावा हात लोंबत होता.

विमान सावरल्यावर प्रशांत मागून सीटा धरत धरत आला. त्याला मागेच कुठेतरी बसवून ठेवलं होतं. "काय झालं? आई, काय झालं?"

मी म्हटलं, "पट्टा सुटला."

एवढंच. दोन शब्द. त्याने खुर्चीकडे पाहिलं. बकल उघडं होतं. आणि त्याचा चेहरा — त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत आलेय. त्याने नाही पाहिलं तसं. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

घाबरून बोलून गेले, असं म्हणता येईल. पहिल्यांदा, हो. पण मग मृणाल धावत आली, तिला मी सांगितलं. विमानातल्या मुलींना सांगितलं. उतरल्यावर हॉस्पिटलमध्ये सांगितलं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा सांगताना मी 'टक' असा आवाज ऐकल्याचंही सांगितलं. तो आवाज कुठून आणला मी?

हॉस्पिटलमध्ये एक बाई आली. एवढ्याशा बाळाचं हाड मोडलं की तिकडे घरच्यांची चौकशी करतात. इंग्रजी येत असूनही मी मराठीत बोलले. आणि माझं मराठी तिला जर्मनमध्ये कोण सांगत होतं? प्रशांत. मी वाक्य बोलायचं, त्याने ते तिला सांगायचं. पट्टा सुटला, बाळ फेकलं गेलं, मी पकडायचा प्रयत्न केला. सगळं त्याने नीट, काही न गाळता सांगितलं. शेवटी आपल्याकडून एक वाक्य जोडलं. मला कळलं नाही. मृणालने नंतर सांगितलं: 'बकल मी लावलं होतं.'

कोपराच्या वरचं हाड होतं. प्लास्टर घातलं, निघालं. हाड जुळलं, पण हात किंचित वाकडा राहिला. बघणाऱ्याला कळत नाही. मला कळतं.

मग ते तीन महिने मी त्यांच्या घरी राहिले. हे सांगायलाच हवं. एका रविवारी सकाळी प्रशांतने ती खुर्ची हॉलमध्ये मांडली. तांदळाची पिशवी घेतली, ईराच्या वजनाची, तिला टॉवेल गुंडाळला, खुर्चीत बसवून पट्टे लावले. आणि खुर्ची उचलून हलवायला लागला. आपटायला लागला. उलटी केली. बकल सुटलं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा हलवली. किती वेळा? मी भाजी निवडत समोर बसले होते. शेवटी तो घामाघूम होऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "सुटत नाही हो आई. म्हणजे त्या दिवशी मी लावलंच नसणार नीट."

मी भाजी निवडत राहिले. मेथी होती.

मृणाल आतून आली, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "एक काम होतं रे तुझं. एकच." माझी मुलगी वाईट नाही. तिच्या पोरीला दुखत होतं. पण ते वाक्य तिने माझ्यामुळे बोललं आणि त्याने माझ्यामुळे ऐकून घेतलं.

त्यानंतर प्रशांतने ईराला कधी पट्टा बांधला नाही. गाडीत बसताना तो बाजूला उभा राहायचा. "मृणाल, तू बघतेस का जरा?" आंघोळ घालायची तर तू घाल. झोपाळ्यावर बसवायचं तर आई, तुम्ही बसवा. जो माणूस विमानात गुडघा टेकून खुर्ची हलवून हलवून बघत होता, तो आपल्याच पोरीला उचलताना आधी माझ्याकडे नाहीतर मृणालकडे बघायला लागला — परवानगी मागितल्यासारखा. ईराला आता आठवं वर्ष चालू आहे. मागच्या वेळी आले होते तेव्हा दादरला टॅक्सीत बसताना तो सहज तिचा पट्टा ओढायला वाकला, तर ती म्हणाली, "बाबा नको, आई लावेल." चिडून नाही. सवयीने. त्याने हात मागे घेतला, तोही सवयीनेच.

मी पुढच्या सीटवर होते. मान वळवली नाही.

मला कुणी विचारेल, इतक्या वर्षांत एकदाही संधी मिळाली नाही? रोज मिळाली. रोज सकाळी उठले की मिळत होती. सांगितलं तर मृणाल काय म्हणेल, ही एक भीती. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. तो माझ्या भावाचा मुलगा असता, आमच्यातला असता, तर मी एवढी वर्षं गप्प बसले असते का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारलाय. उत्तर बदललेलं नाही. त्याच्यावर दोष गेला तेव्हा माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्याला ते जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं होतं. क्षणभरच. पण वाटलं होतं.

त्याच मुक्कामातली गोष्ट. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी प्रशांत माझ्याबरोबर शिवाजी पार्कला फिरायला आला. माझा गुडघा दुखायला लागला म्हणून आम्ही कट्ट्यावर बसलो. समोर नेटमध्ये मुलं बॅटिंग करत होती. बराच वेळ तो ती बघत होता. मग म्हणाला, "आई, एक सांगायचं राहून गेलंय. त्या विमानातल्या प्रकारानंतर सगळे मला बोलले. मृणाल बोलली, माझी आई बोलली. तुम्ही एकट्या कधी एक शब्दसुद्धा बोलला नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, तरी. मी ते विसरलेलो नाही."

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, केस पांढरे व्हायला लागलेत.

आता सांगायचं होतं. याहून सोपी जागा मिळणार नव्हती. तोंड उघडलंही मी.

"असू दे हो," मी म्हटलं. "होतं असं माणसाच्या हातून. मनाला नका लावून घेऊ."

आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने रुमाल काढून डोळे पुसले, मला उठायला हात दिला, आणि आम्ही घरी आलो.