भाषणापुरतं वैर

बेकरीत त्याला सगळे भोंगा म्हणत. भट्टीपाशी उभं राहून त्याने हाक मारली की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस वळून बघे. या आवाजामुळेच पक्षवाल्यांनी त्याला हेरलं. एरवी ज्याला कुत्रं विचारत नव्हतं, तो निवडणुकीत साहेबांच्या शेजारी गाडीवर उभा राहू लागला. तो ओरडे, "गद्दारांना—" आणि गर्दी म्हणे, "ठोकून काढा!"

गद्दार म्हणजे समोरचा पक्ष. त्याच्या ताईचा नवरा त्याच पक्षाचा. आई गेल्यावर ताईनेच याला लहानाचा मोठा केलेला. भाऊजींचं चष्मे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं आणि वर त्यांच्या पक्षाचा झेंडा. सुरुवातीला नुसती थट्टा चाले.

"काय भोंगा, आमच्या नावाने ओरडून घसा बसला का?"

"तुमचं डिपॉझिट जप्त झाल्याशिवाय बसायचा नाही, भाऊजी."

मग एका निवडणुकीत मिरवणूक नेमकी त्या दुकानासमोर अडली. भाऊजी घाईघाईने शटर ओढत होते. भोंग्याने त्यांना पाहिलं. खालून कोणीतरी ओरडलं, "गप्प का झालास? दे आवाज!" त्याने दिला. पहिला दगड काचेच्या कपाटावर बसला. उडालेली काच भाऊजींच्या उजव्या डोळ्यात गेली आणि डोळा कायमचा गेला. चष्म्याचे बारीक स्क्रू एका डोळ्याने काही जमेनात. वर्षभरात दुकान बंद पडलं.

दगड पडले त्याच आठवड्यात ताई बेकरीत आली होती.

"तू होतास तिथे?"

"होतो."

"आणि?"

"ताई, ते आपले वैरी आहेत."

"आपले म्हणजे कोणाचे रे?" ती म्हणाली. त्याने तोंड फिरवून पावाचे ट्रे उचलले. त्यानंतर येणंजाणं तुटलं.

काही वर्षांनी दोन्ही पक्ष एक झाले. दोन्ही नेते स्टेजवर गळ्यात गळा घालून हसले. सभा संपल्यावर भोंगा साहेबांच्या गाडीपाशी गेला. "साहेब, हे गद्दार ना?"

"अरे वेड्या, ते भाषणापुरतं असतं. मनावर घेतात का कोणी?"

"माझ्या भाऊजींचा डोळा गेला त्यात."

"अरेरे," साहेब म्हणाले आणि गाडीची काच वर गेली.

दुसऱ्या दिवशी तो ताईच्या दारात उभा राहिला. आत भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"ताई, आता आपण एकाच बाजूला आहोत."

"साहेबांनी सांगितलं म्हणून आलास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "ते उद्या परत भांडले तर?"

तिने दार हळूच लावून घेतलं.

पुढच्या निवडणुकीआधी पक्षाचा माणूस बेकरीत आला. भोंगा आधी नाही म्हणाला. पण भट्टी, खोली आणि पुन्हा भट्टी, याखेरीज त्याच्याकडे आता उरलं होतं काय? संध्याकाळी तो गाडीवर चढला, खाली वाकून त्याने विचारलं, "या वेळी कोणाच्या विरोधात?" कोणीतरी नाव सांगितलं. ते त्याने आधी कधी ऐकलंही नव्हतं. त्याने माइक हातात घेतला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला.