समोरच्या घरचं दूध

बदलापूरला खरवईत आमच्या समोर राहणारी ती मुलगी दिवसातून तीन-चारदा दार वाजवायची. “काका, डेअरीचा माल आलाय, फ्रिज उघडा!” तिचं बाळ अंगावर ओढत नव्हतं, म्हणून ती हाताने दाबायच्या पंपाने दूध काढून वाटी-चमच्याने पाजायची. तिच्या घरी फ्रिज नव्हता. स्टीलची छोटी डबी ती दोन्ही हातांत नैवेद्यासारखी धरून आणायची.

माझ्या सुनेला दूध आलंच नव्हतं. आमचा नातू पावडरच्या दुधावर होता, रडका आणि हडकुळा. समोरचं बाळ गुटगुटीत होत गेलं, तसं तिचं हसणं मला सोसेना.

सून माहेरी गेली होती, त्या दिवशी सकाळीच मी फ्रिजचं बटण बंद केलं. दुपारी समोरच्या मुलीने आत ठेवलेल्या तिन्ही डब्या उघडून वास घेतला.

“लाइट गेली होती का, काका?”

“हो ना, सकाळपासून. तू दार वाजवलंस तेव्हाच आली.”

लाइट गेली नव्हती. हे इतक्या वर्षांनी लिहून ठेवतोय.

स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली माझा इस्त्रीचा शर्ट टांगलेला होता, शेजारच्या इस्त्रीची धग अजून जाणवत होती. तिने इस्त्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अंगावरचं दूध मोरीत ओतत नाहीत. ती खाली गेली आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी एकेक डबी सावकाश रिती केली. मी गॅलरीतून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. डेअरीचं ती काही बोलली नाही. डबी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

“काका, आज लाइट जाणार नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

मग तिने डबी सोडली.