गिटारखाली दबलेलं वाक्य

वसंताने मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याचीच बाजू घ्याल. सगळे घेतात.

भुताखेतांना मी कधी भीक घातली नाही. फुटपाथवर जुने रेडिओ विकून सुरुवात केली आणि सीताबर्डीच्या गल्लीत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान स्वतःच्या हिमतीवर टाकलं. आवाज कुठून येतो हे मी स्क्रू उघडून दाखवू शकतो... निदान तेव्हा तरी तसं वाटायचं.

चार वर्षांपूर्वीपर्यंत, दर रविवारी सकाळी अकराला, आम्ही चौघं दुकानात जमायचो – मी, माझा धाकटा भाऊ बंडू, शिंपीकाम करणारा इर्शाद आणि कळमेश्वरला कारखान्यात असलेला वसंता. इंग्रजी रॉक ऐकायचं. प्रत्येकाने एक गाणं आणायचं, वाजवायचं आणि का आवडतं ते सांगायचं. नियम माझाच. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं, त्यामुळे कारणं एकेक असायची. इर्शाद म्हणायचा, "ये सुना ना भाई, तो सेठ की गाली भी मीठी लगती है." वसंताचा जीव ड्रमवर. "मशीन बिघडल्यावानी वाजते, पण बिघडत नाही गा!"

एका रविवारी बंडूने एक संथ गाणं आणलं. म्हणाला, "दादा, यात तो माणूस कोणाले तरी माफ करून राहिला, असं वाटते."

"इंग्रजीत नापास झाला अन् मले अर्थ सांगून राहिला का बे?"

"अर्थ नाही, कारण सांगून राहिलो. तुले हर गोष्टीत बाजारभावच दिसते."

माझा हात उठला. दोघांच्या देखत. एकोणीस वर्षांचा पोरगा... कॅसेट तिथेच टाकून तो निघाला, तो घरी आलाच नाही.

पोलीस झाले, भिवापूरचे मामा झाले, रेल्वे स्टेशन झालं. आईने दुपारी झोपणं सोडलं, कारण तो दुपारी जेवायला यायचा.

आठ महिन्यांनी वसंताने एक नवं गाणं आणलं. आदल्या दिवशी नंदनवनच्या आपल्या खोलीत त्याने ते परदेशी रेडिओ स्टेशनवरून थेट वायर जोडून टेप केलं होतं. कॅसेट कोरी, सीलबंद, माझ्याच दुकानातून नेलेली. आणि त्याच्या टेपचा माईक खराब होता म्हणून मीच काढून ठेवलेला, माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेला. म्हणजे कुणी तोंड लावून बोललं असतं, तरी त्या मशीनमध्ये आवाज भरला गेला नसता.

गाणं सुरू झालं. मध्ये ड्रम थांबले. आणि बंडू बोलला –

"हे गाणं मले काहून आवडते? ड्रम थांबते तेव्हा वाटते, संपलं. अन् संपत नाही. दादा, आईले सांग –"

तेवढ्यात गिटार सुरू झाली. तिच्याखाली तो बोलत होता, पण शब्द लागत नव्हते.

इर्शादच्या हातातला चहा त्याच्याच पायावर सांडला. "ये तो बंडू है, भाई." आम्ही दोनदा मागे नेऊन ऐकलं. दोन्ही वेळा तेच. वसंता म्हणाला, "मी घरी हेडफोन लावून ऐकतो. शब्द लागतीन."

इर्शाद म्हणाला, "पहले पीछे का टुकड़ा तोड़ दो. गलती से मिट गया तो?" कॅसेटच्या मागचा तो प्लास्टिकचा तुकडा तोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही.

मी म्हणालो, "कायले? तुकडा तोडला का कॅसेट बाद झाली. कोरी करकरीत आहे."

भावाचा आवाज आला होता आणि मी कॅसेट वाचवत होतो.

मी आईला सांगायला घरी धावलो. संध्याकाळी वसंता कॅसेट घेऊन आला. लावली. ड्रम थांबले, शांतता, गिटार. बस.

"मी लावली तेव्हाच आवाज नव्हता गा." त्याचे डोळे सुजले होते. मी त्याची कॉलर धरली, त्याला भिंतीवर आपटलं. मग हातही जोडले. "माग काय पायजे ते. दुकान घे. मशीन घे." समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी बोली लावली, असं जन्मात कधी केलं नव्हतं.

"माझ्यापाशी असतं, त तुले असं उभं ठेवलं असतं का, भाऊ?"

मी ती कॅसेट शंभरदा तपासली. वरून काही भरलं की जोडावर एक बारीक 'टक्' राहतो. तो नव्हता. हेही लिहितो, मी खोटा माणूस नाही. आवाज आला कुठून, गेला कुठे... मला आजही सांगता येत नाही.

पण वसंताने त्याच आठवड्यात टेप आणि हेडफोन दोन्ही विकून टाकले. त्यानंतर त्याने एकही गाणं ऐकलेलं नाही. हॉटेलात रेडिओ लागला तर उठून जातो. ज्याला हेडफोनमध्ये काही ऐकूच आलं नाही, तो असं काहून करेल?

बंडू अजून आलेला नाही. आई रोज विचारते, "काय सांग म्हणे रे तो मले?"

वसंता, हे मासिक तुझ्याकडे येतं, मला माहीत आहे. मला भेटू नकोस. सरळ माझ्या आईसमोर येऊन बस आणि तिला सांग, हेडफोनमध्ये तू काय ऐकलंस?